यादी मागण्याची विद्या

ज्या घरांत वस्तु पुष्कळ आहेत तें घर संपन्न खरें. परंतु ज्या घरांत हवी ती वस्तु हव्या त्या वेळीं हातीं लागते, तेंच घर नीटनेटकें म्हणावयाचें. संग्रह करणें ही एक गोष्ट, आणि संग्रहांत काय आहे हें ठाऊक असणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिली पैशानें साधते. दुसरीला विद्या लागते. ह्या दुसऱ्या विद्येविषयीं, आणि तीही संगणकाच्या संबंधांत, चार शब्द विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

विषय तसा लहान आहे. संगणकांतील ज्या कप्प्याला तज्ज्ञ लोक डिरेक्टरी म्हणतात व आपण बोलतांना फोल्डर म्हणतों, त्या कप्प्यांत कोणकोणत्या फाइली आहेत याची यादी मागण्याची एक आज्ञा आहे. तिचें नांव दोनच अक्षरांचें : ‘एलएस’. ह्या नांवापुढें आडवी रेघ काढून एक अक्षर लिहिलें कीं यादीचें स्वरूप पालटतें. ह्या अक्षरांना ऑप्शन म्हणतात. (हीं अक्षरें मूळचीं इंग्रजी, येथें तीं उच्चाराप्रमाणें देवनागरींत लिहिलीं आहेत.) माझें म्हणणें असें कीं, जुन्नर व आंबेगांव ह्या आपल्या दोन तालुक्यांतील प्रत्येक मुलानें व मुलीनें शाळा सोडण्यापूर्वीं ही आज्ञा आणि तिचे पांच-सहा ऑप्शन हातांत बसवून घ्यावे. कारण त्यांत संगणकाचें ज्ञान थोडें असलें तरी प्रश्न विचारण्याचें शिक्षण फार मोठें आहे.

यादी ही आपल्या प्रदेशाला कांहीं नवी नाहीं. जुन्नरहून घाटघरच्या वाटेनें नाणेघाटापर्यंत गेलें म्हणजे जें लेणें लागतें, त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख म्हणजे मुख्यत्वें एक यादीच होय. कोणते यज्ञ झाले, आणि त्यांची दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणीं दिलीं, याची ती नोंद आहे. संख्या अंकांत कोरलेल्या असल्यामुळें भारतीय अंकांच्या इतिहासांत ह्या लेखाला मोठा मान आहे. एकोणिसाव्या शतकांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्या अंकांचा अभ्यास केला. परंतु दगड जागोजाग झिजला आहे. ज्या ओळींतील अक्षरें गेलीं, त्या ओळींतलें दान आज कोणालाही सांगतां येत नाहीं. दान झालें होतें हें खरें. पण तें यादींतून गेलें, म्हणून आपल्यापुरतें तें नाहींसें झालें. यादीचें महत्त्व याहून स्पष्ट करणारें उदाहरण दूर शोधावयास नको.

दुसरी यादी आकाशाची आहे, आणि तीही आपल्याच तालुक्यांत तयार झाली. नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या साह्यानें २०१० ते २०१२ ह्या काळांत १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर आकाशाची पाहणी झाली. तींतून सिद्ध झालेली व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेली सूची पाहिली, तर तींत सुमारें ६ लक्ष २० हजार रेडिओ उद्गमांची नोंद असून आकाशाच्या सुमारें ९० टक्के भागाचीं ५३३६ चित्रें तिच्यासमवेत आहेत. प्रत्येक चित्र म्हणजे संगणकांतील एक फाइल. आतां विद्यार्थ्यांनीं विचार करावा : ५३३६ फाइली एका कप्प्यांत ठेवल्या आणि त्यांची यादी कशी मागावी हें ठाऊक नसलें, तर तें ज्ञान असून नसल्यासारखेंच नव्हे काय ? ज्या संगणकांवर असलीं कामें चालतात, ते बहुधा युनिक्स नांवाच्या कुळांतले असतात. आणि त्या कुळांत नवख्यानें शिकावयाची पहिली आज्ञा म्हणजे आपली ही ‘एलएस’.

ह्या आज्ञेचें वय ध्यानांत घेण्याजोगें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालापासून युनिक्सची उभारणी केली. १९७१ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या तिच्या पहिल्या मार्गदर्शिकेंत ‘एलएस’ आहे, आणि तिच्यासमवेत ‘एल’, ‘टी’, ‘ए’, ‘एस’ व ‘डी’ असे पांच ऑप्शन आहेत. १९९१ सालीं लिनस टॉरव्हल्ड्झ यांनीं लिनक्सचा आरंभ केला. त्या लिनक्सवर हीच आज्ञा आज चालते व तिच्या ऑप्शनांची संख्या पन्नासांच्या वर गेली आहे. पण मूळचे पांचही आपल्या जागीं आहेत. अर्ध्या शतकाहून अधिक काळ जे प्रश्न लोक विचारीत आले, ते शिकण्यांत वेळ फुकट जाण्याचें भय नाहीं.

आतां एकेक ऑप्शन पाहूं. नुसती ‘एलएस’ लिहिली तर नांवें मिळतात, पण सर्व नांवें मिळत नाहींत. ज्या नांवाचा आरंभ टिंबानें होतो, तें यादींत येत नाहीं. ‘-ए’ लिहिल्यावर मात्र तींही प्रकट होतात. ह्या लपंडावाचें मूळ मोठें गमतीचें आहे. प्रत्येक डिरेक्टरींत एक टिंब व दोन टिंबें अशा दोन नोंदी असतात. एक स्वतःची, दुसरी वरच्या डिरेक्टरीची. ह्या दोन नोंदी यादींत नकोत म्हणून आज्ञा लिहिणाऱ्यानें फक्त पहिलें अक्षर तपासलें, आणि त्यामुळें टिंबानें सुरू होणारें प्रत्येक नांव झांकलें गेलें, असें बेल प्रयोगशाळेंतच काम केलेले रॉब पाइक यांनीं सांगितलें आहे. पुढें कार्यक्रम लिहिणारे आपल्या खाजगी फाइली मुद्दाम टिंब लावून ठेवूं लागले, आणि आकस्मिक गोष्टीची रूढि झाली. धडा असा कीं, जी यादी न मागतां पुढें येते ती कोणाच्या तरी निवडीनें आलेली असते. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचें क्रेट घेणारा शहाणा माणूस वरचाच थर पाहून भाव करीत नाहीं. तो खालचा मालही वर काढून पाहतो. ‘-ए’ हा ऑप्शन म्हणजे खालचा थर पाहणें होय.

‘-एल’ लिहिलें तर प्रत्येक नांवाची सविस्तर ओळ मिळते. तींत ती फाइल आहे कीं डिरेक्टरी, ती वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, तिचा मालक कोण, आकार किती आणि तारीख कोणती, इतक्या गोष्टी येतात. जमिनीचा सातबारा वाचणाऱ्या शेतकऱ्याला ही ओळ परकी वाटूं नये. कोणाच्या नांवें, किती क्षेत्र, कोणाचा हक्क, हेंच तेथेंही पाहावयाचें असतें. मात्र ओळ वाचतांना दोन ठिकाणीं फसगत होते. पहिलें ठिकाण तारखेचें. ही तारीख फाइल जन्मल्याची नसून तींतील मजकूर शेवटीं बदलल्याची असते. आणि साधी नक्कल केली तर नकलेला नक्कल केल्या वेळेचीच तारीख लागते. म्हणून ह्या तारखेवरून कागद जुना कीं नवा असा निवाडा करणें धोक्याचें आहे. दुसरें ठिकाण आकाराचें. डिरेक्टरीच्या ओळींत बहुधा ४०९६ असा आंकडा दिसतो, आणि आंतील सर्व माल एवढाच असें मुलांना वाटतें. वस्तुतः तो आंकडा आंतल्या मालाचा नव्हे, मालाची नोंद ठेवणाऱ्या वहीचा आहे. वहीच्या वजनावरून वखारींतील धान्य कोण मोजील ?

ह्याच ओळींत कधीं कधीं नांवापुढें एक बाण दिसतो. त्याचा अर्थ, येथें वस्तु नाहीं, वस्तूकडे जाण्याची खूण आहे. आंबेगांव तालुक्यांतील मुलांना ही गोष्ट समजावून सांगण्याची जरूरी नाहीं. ज्या गांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याचें मुख्य ठाणें घोडेगांव येथें आहे. नांव कागदोपत्रीं जिवंत आहे, पण नांवाच्या मागोमाग मूळ जागीं जाऊं पाहणाऱ्याला पाणी लागेल. संगणकांतही मूळ फाइल पुसली गेली तरी तिच्याकडे बोट दाखविणारी खूण मागें उरूं शकते, आणि साधी ‘एलएस’ तें नांव निःशंकपणें यादींत देते. यादींत नांव आहे म्हणून वस्तु आहेच, असें समजूं नये.

नंतर येतात क्रमाचे ऑप्शन. कांहीं न सांगितलें तर यादी नांवांच्या अक्षरक्रमानें लागते. ‘-टी’ लिहिलें तर शेवटीं बदललेली फाइल सर्वांत वर येते. मोठ्या लिपींतला ‘-एस’ लिहिला तर सर्वांत मोठी वर येते. आणि लहान लिपींतला ‘-आर’ जोडला तर लागलेला क्रम उलटा होतो. मोठ्या लिपींतला ‘-आर’ मात्र वेगळेंच काम करतो; तो आंतल्या डिरेक्टरींत, तिच्याही आंतल्या डिरेक्टरींत शिरून सर्वांच्या याद्या देतो. फाइली त्याच, कप्पा तोच, परंतु “काल मीं कशावर काम केलें?” ह्या प्रश्नाचें उत्तर एका क्रमांत आहे, आणि “जागा कोणी अडविली ?” ह्याचें उत्तर दुसऱ्या क्रमांत आहे. क्रम निवडणें म्हणजेच प्रश्न निवडणें. हें ज्याला उमजलें, तो पुढें परीक्षेचा निकाल, ग्रामपंचायतीचा हिशेब किंवा वर्तमानपत्रांतील तक्ता वाचतांनाही प्रथम विचारील कीं, ही यादी कोणत्या क्रमानें लावली आहे, आणि तो क्रम कोणी ठरविला ?

अक्षरक्रमाविषयीं मराठी मुलांनीं विशेष सावध असावें. संगणकांत प्रत्येक अक्षराला एक संकेतांक असतो. यंत्राला भाषेची कल्पना न देतां केवळ ह्या अंकांवरून क्रम लावावयास सांगितलें, तर ‘ळ’ हें अक्षर आपल्या वर्णमालेप्रमाणें ‘ह’ नंतर न येतां ‘ल’ च्या शेजारीं, ‘व’ च्या आधीं येतें. ‘क्ष’ हें ‘क’ व ‘ष’ यांचें जोडाक्षर म्हणून साठविलेलें असल्यामुळें ‘क्षमा’ हें नांव ‘कौसल्या’ च्या मागून पण ‘खंडू’ च्या आधीं बसतें. आणि ‘ज्ञानेश्वर’ हा ‘झ’ च्या अगोदर येतो. अंकांची तऱ्हा तर याहून विचित्र. इंग्रजी आंकड्यानें सुरू होणारीं नांवें सर्वांच्या आधीं येतात, आणि देवनागरी आंकड्यानें सुरू होणारीं सर्व अक्षरांच्या मागून येतात. शिवाय अक्षरक्रमांत ‘पाठ १०’ हा ‘पाठ २’ च्या आधीं लागतो, कारण तुलना डावीकडून एकेका चिन्हाची होते. हजेरीपटाप्रमाणें यादी वाचणारा मुलगा आपली फाइल ‘ह’ च्या खालीं शोधीत बसतो, आणि ती वरच्या बाजूस असते. ह्यांत यंत्राचा दोष काढण्यापेक्षां यंत्र काय करतें हें जाणणें अधिक हिताचें. आंकड्यांच्या घोटाळ्यावर उपाय सोपा आहे : ‘पाठ ०२’, ‘पाठ १०’ असे सारख्या अंकांचे आंकडे लिहावे, आणि एका कप्प्यांत एकाच लिपीचे अंक वापरावे.

आतां कांहीं पालक म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें वाजवी आहे, कीं एवढा खटाटोप कशाला ? पडद्यावर चित्रें दिसतात, बोट लावलें कीं फाइल उघडते. मुलांच्या हातांतील फोनवर तर “अलीकडील” असा कप्पा आपोआप तयार असतो. छायाचित्रें पाहावयाचीं असलीं तर चित्रांची खिडकीच सोयीची, हें मीही मान्य करतों. परंतु तो “अलीकडील” कप्पा फोन बनविणाऱ्यानें ठरविलेल्या एका प्रश्नाचें उत्तर आहे. आपल्या प्रश्नाचें नव्हे. जूनमध्यें अकरावीच्या प्रवेशाची मुदत संपत आली म्हणजे हा भेद अंगावर येतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रक, सर्व फोनमध्यें आहेत असें मुलगा सांगतो. पण शेंकडों छायाचित्रें व निरोप यांच्या ढिगांत त्यांची नांवें नुसत्या आंकड्यांचीं असतात, आणि बाप दिवसाची मजुरी बुडवून सेवा केंद्राच्या दारांत उभा असतो. कागद हरवलेला नसतो. मागण्याची रीत हरवलेली असते.

दुसरा आक्षेप नव्या काळचा आहे. आतां यंत्राशीं साध्या भाषेंत बोलून फाइल मागतां येते. मग आज्ञा पाठ कशाला? ह्याला उत्तर असें कीं, दुसऱ्याकडून उत्तर घेणाऱ्याला तें पडताळतां आलें पाहिजे. यंत्रानें दहा नांवें दिलीं, पण लपलेलीं वगळलीं कीं काय, आंतल्या कप्प्यांत पाहिलें कीं नाहीं, तारीख कोणती धरली, हे प्रश्न ज्याला सुचतात त्यालाच तें उत्तर उपयोगी पडतें. ते प्रश्न म्हणजेच हे ऑप्शन. शिवाय लिहिलेली आज्ञा वहींत टिपून ठेवतां येते, उद्यां जशीच्या तशी पुन्हां देतां येते, आणि तिची यादी मोजणाऱ्या किंवा गाळणाऱ्या दुसऱ्या आज्ञेच्या हवालीं करतां येते. बोटाच्या टिचकीचें असें टिपण राहत नाहीं.

खर्चाचा प्रश्न तर नाहींच. लिनक्स विनामूल्य मिळते व साध्या, जुन्या संगणकावरही चालूं शकते. पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ नांवाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्सही तयार केली आहे. ज्या घरीं विंडोजचा संगणक आहे तेथें ‘डीआयआर’ ही आज्ञा तेंच काम करते, आणि तिलाही लपलेल्या फाइलींसाठीं, क्रमासाठीं व आंतल्या कप्प्यांसाठीं निरनिराळे ऑप्शन आहेत. उपयोगाचें म्हणाल, तर जगांतील सर्वांत वेगवान् पांचशें संगणकांच्या यादींत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक संगणक लिनक्सवर चालणारा आहे. आपल्या खेड्यांतील मुलगा तेथें कधीं पोंचला, तर त्याच्या ओळखीची एक आज्ञा तेथें त्याची वाट पाहत असेल.

शेवटीं, करावयाचें काय तें थोडक्यांत सांगतों. पहिलें, फाइलीला नांव देतांना आरंभीं साल, मग महिना, मग दिवस असें आंकड्यांत लिहावें. म्हणजे अक्षरक्रम हाच कालक्रम होईल. मंचरच्या किंवा नारायणगांवच्या आडत्याची पट्टी फोनमध्यें ठेवणाऱ्या घरानें एवढें केलें, तरी हंगामाचा हिशेब आपोआप ओळींत लागेल. दुसरें, कांहींही पुसण्यापूर्वीं त्याची यादी मागावी. पुसण्याची ‘आरएम’ ही आज्ञा टाकलेली वस्तु केराच्या टोपलींत ठेवीत नाहीं; ती नाहींशीच करते. जें वर्णन लिहून पुसावयाचें, तेंच वर्णन आधीं ‘एलएस’ पुढें लिहावें, जीं नांवें येतील तीं वाचावीं, आणि मगच हात उचलावा. आधीं यादी, मग कृति, हा नियम संगणकाबाहेरही कोणाचें नुकसान करणार नाहीं. तिसरें, शाळेच्या संगणकवर्गांत आठवड्याचा एक तास ह्या आज्ञेला द्यावा, आणि मुलांना पाठांतर न सांगतां प्रश्न द्यावे : सर्वांत जुनें काय, सर्वांत मोठें काय, लपलेलें काय, कोणाच्या मालकीचें काय. ऑप्शन त्यांचे त्यांना सांपडतील.

दर वर्षीं २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनानिमित्त, खोडदची दुर्बीण पाहावयास आपल्या शाळांतून मुलें जातात व त्या प्रचंड तबकड्यांकडे मान वर करून पाहतात. यंदां त्यांनीं तेथील शास्त्रज्ञांना एक साधा प्रश्न विचारावा : “आपण येथें गोळा केलेल्या फाइलींतून हवी ती कशी शोधतां ?” तबकडीनें आकाश गोळा करतां येतें, त्यांतून हवा तो तारा काढावयाचा, तर यादीच मागावी लागते.